ओली बाळंतीण

त्या माणसाचा मुडदा बशिवला! आमच्या सोसायटीत मी कधी शिवी देत नाही अशी माझी ख्याती होती. ती गेली. गेली तर गेली.

बाबा गेले आणि आई माझ्याकडे पाथर्डी फाट्याला राहायला आली. आमच्या गोतावळ्यातलं एकही बाळ असं नसेल की ज्याला आईनं न्हाऊ घातलं नाही. पाय लांब करून बसायची, पोराला पायांवर पालथं घ्यायची, कोमट तेल जिरवायची. आकांत करणारं पोर तिच्या पायांवर दोन मिनिटांत गप्प व्हायचं. बायका म्हणायच्या, हिच्या हाताला गुण आहे. बाबांना जाऊन काही महिने झाले असतील, चुलतभावाच्या मुलाचं बारसं होतं. आई सवयीनं पाळण्याकडे गेली, तर माझी सख्खी काकू भरल्या घरात तिला म्हणाली, "वहिनी, तुम्ही जरा मागे बसा. वाईट वाटून घेऊ नका हं, लहान जिवाचं असतं ना." वाईट वाटून घेऊ नका! म्हणजे थोबाडीत द्यायची आणि वर सांगायचं, गाल लाल करून घेऊ नका.

आई मागे बसली. येताना रिक्षात मला म्हणाली, "अक्कल गहाण टाकलीय तिनं." ती चिडली म्हणून मला बरं वाटलं होतं. पण पुढे काय झालं कोण जाणे, तिचे हात हळूहळू थंडावले. भाजी निवडायलाही बसेना. माझी लेक तेव्हा गरोदर होती, बाळंतपणाला माझ्याकडेच येणार होती. तिचा हट्ट एकच, बाळाला आजीनंच न्हाऊ घालायचं. आई म्हणायची, "बघू. मला आता होईल असं वाटत नाही." मला ते 'बघू' सहन होत नव्हतं. लेकच म्हणाली, "आई, तिला एक पिल्लू आणून दे. काहीतरी जिवंत हातात येऊ दे तिच्या."

फोनवर शोधलं. पहिला भेटला तो तर उघड चोर. विमानानं पिल्लू पाठवतो, आधी पैसे टाका म्हणे. लेकीनं त्याच पिल्लाचा फोटो आणखी तीन जाहिरातींत शोधून काढला. आम्ही तिघी फोनवरच पोट धरून हसलो. आपल्याला कोण फसवणार! ठरवलं की प्रत्यक्ष जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मगच आणायचं.

दुसरा भेटला त्याचं शेड निफाडच्या अलीकडे एका द्राक्षबागेत होतं; मी आणि आई गेलो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. बागेत ओळीओळीनं शेकोट्यांचा धूर निघत होता, मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी करतात तसा. माणूस पांढऱ्याशुभ्र शर्टातला, हसरा, वाकून नमस्कार करणारा. शेडचं दार जेमतेम उघडून आत गेला आणि टॉवेलात गुंडाळलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन आला. त्याला शाम्पूचा वास येत होता.

"दीड महिन्याचं हे ताई. लय टॉपची लाईन."

मी वाचून गेले होते. म्हटलं, "याची आई दाखवा. आई बघितल्याशिवाय मी पिल्लू नेणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या आईकडे वळला, आवाज खाली आणला. "आजी, ती ओली बाळंतीण हे. परकं माणूस आम्ही आत नाय नेत. नजर लागते, दूध आटतं. तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही जाणत्या."

झालं! आई माझ्यावरच घसरली. "बरोबर आहे त्याचं. बाळंतिणीच्या खोलीत कोणी असं घुसतं का गं? शिकलीस कशाला?" आमच्या घरी बाळंतिणीच्या दाराला पडदा असायचा, बाबासुद्धा बाहेरूनच खाकरायचे. कुत्रीचीही कोणी एवढी मर्यादा राखतो म्हटल्यावर आई विरघळली. प्रवासाला म्हणून पिशवीत ठेवलेली खारीक तिनं काढून दिली, "भिजवून द्या तिला, ताकद येईल." त्यानं ती दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली. नट मेला!

माझ्या तोंडाशी आलं होतं, की बाळंतीण असो नाहीतर महाराणी, मी लांबून बघते. पण आई कितीतरी दिवसांनी तावातावानं बोलत होती. मी पैसे मोजले.

घरी आल्यावर आईनं दारातच थांबवलं. स्वतः भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मगच पिल्लाला आत घेतलं. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणे, बारसं करू रीतसर, घाई कसली. पाय लांब करून बसली, पिल्लू पायांवर घेतलं. ते तिथंच झोपलं, तोंड उघडं टाकून. संध्याकाळी तिनं आपण होऊन लेकीला फोन लावला. "तू ये बिनधास्त. बाळाचं मी बघते." मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी पिल्लानं दूध ओकलं. मग पाण्यासारखं आणि मग रक्ताचं होऊ लागलं. त्याला एक वास येत होता, गोडसर, सडका, तो घरभर झाला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याचं तोंड उघडून पाहिलं.

"किती दिवसांचं सांगितलं?"

"दीड महिना."

"दात आत्ता कुठे टोचतायत. महिन्याचं तरी असेल का, शंकाच आहे. आईपासून तोडायला नको होतं." मग तपासणी करून म्हणाल्या, "पार्वो आहे, पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग. तिथूनच घेऊन आलंय, हा काही तुमच्या घरात झालेला नाही. आई बघितली होती का त्याची?"

मी आईकडे पाहिलं. आई बाकावर बसून बोटांवर दिवस मोजत होती. स्वतःशीच म्हणाली, "दीड महिन्याचं पोर, आणि आई अजून ओली? सव्वा महिन्यात बाळंतीण उठते. मला कसं कळलं नाही?" शेकड्यानं बाळंतपणं निस्तरलेल्या बाईला एवढं साधं कळलं नाही. कसं कळेल? कितीतरी दिवसांनी तिला कोणीतरी 'तुम्ही जाणत्या' म्हणालं होतं.

काडीएवढ्या पायात सलाईनची सुई लावली. घरी न्यायला निघालो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी ते आईच्या पायांवरच गेलं. जाताना एकदा आळस दिल्यासारखं ताणलं, बस. आई तरी बराच वेळ त्याच्या पाठीला तेल चोळत राहिली. मी "आई, अगं पुरे" म्हणाले तेव्हा थांबली.

मी त्या शेडवाल्याला फोन लावला, आईलाही ऐकू जाईल असा. मला वाटलं, निदान ओशाळेल. चोराच्या उलट्या बोंबा! आधी म्हणे, गायीचं दूध पाजलं असेल. मग म्हणे, आमच्याकडून ठणठणीत दिलं होतं. मी पार्वोचं सांगितलं, दातांचं सांगितलं, पोलिसांत जाईन म्हटलं. तो आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, दारात ओवाळलं कोणी?"

"मी," आई म्हणाली.

"मग झालं ना आजी. आल्या आल्याच कपाळ बघितलं होतं मी तुमचं, पण बोललो नाय. ताई असताना तुम्ही कशाला पुढं झाल्या? वाईट वाटून नका घेऊ. लहान जिवाचं असतं."

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला. आई उठली, मोरीत गेली आणि साबण लावून हात धूत बसली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गाडी काढून तिथं गेले. मला त्याचे पैसे नको होते. त्यानं फक्त माझ्या आईला फोन करून सांगायचं होतं की पिल्लू आधीच आजारी होतं, तुमच्या हातांचा काही दोष नाही. एवढंच. शेडचं दार उघडं होतं, आत कोणी पाईपनं पाणी मारत होतं. मी सरळ घुसले.

जाळीचे पिंजरे, एकावर एक. त्यांत सगळ्या माद्या. खालच्या पिंजऱ्यात पिवळी लॅब्रॅडॉर होती. आचळं जमिनीला टेकलेली, नखं वाढून आत वळलेली, अंगाखाली ओलं पोतं. पिल्लं तिच्याजवळ नव्हतीच. ती कोपऱ्यात खोक्यांत, बल्बखाली, गिऱ्हाइकाला दाखवायला. पाण्याचा पाईप तिच्यावरूनही फिरला, ती हलली नाही. मी खाली बसले तशी मात्र अंग चोरून पार मागे भिंतीला गेली. बाहेर बागेत शेकोट्या पेटलेल्या होत्या. द्राक्षांना ऊब होती.

तो मागून आला. चिडला नाही, हसलाच. "सांगतो की आजीला, त्यात काय. पण मग तुम्ही एक पिल्लू न्या अजून, आणि ग्रुपवर दोन शब्द चांगले टाका. देवाणघेवाण हे ना ताई."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. नवराबायको, एक म्हातारी. तो लगबगीनं गेला, दार मागे ओढून घेतलं आणि म्हातारीकडे वळून, आवाज खाली आणून, तेच वाक्य. अगदी तेच! मी बाहेर धावले. ओरडून सांगितलं, आत जाऊन बघा, आमचं पिल्लू मेलंय, हा कसाई आहे. बायको घाबरून नवऱ्याच्या मागे सरकली. म्हातारीनं मात्र माझ्यावर डोळे वटारले.

"अहो बाई, हळू बोला. आत बाळंतीण आहे म्हणतोय ना तो."

टॉवेलातलं पिल्लू घेऊन ते गेले. तो फोन त्यानं केला नाहीच. मी तक्रारी केल्या, प्राण्यांसाठी काम करणारी माणसं घेऊन परत गेले. तोवर शेड धुऊन रिकामं केलेलं होतं. त्या पिवळीचं काय झालं मला माहीत नाही. त्याची जाहिरात अजून चालू आहे.

आईला मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंकडून फोन करवला. तिनं ऐकून घेतलं, "हो हो" म्हणाली. मला वाटलं, पटलं.

लेक बाळंत झाली, नात घरी आली. पहिल्या अंघोळीला मी पाणी काढलं, तेल कोमट केलं, पाट मांडला. लेकीनं हाक मारली, "आजी, चल ना." आई आतल्या खोलीतून हलली नाही. मी गेले तर पलंगावर बसलेली, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

"बाई लाव एखादी," म्हणाली.

माझा तोल गेला. "त्या हरामखोराचं ऐकतेस तू? ज्याचा शब्दन् शब्द खोटा निघाला त्याचं?"

"तो खोटारडाच आहे गं. मला काय कळत नाही?" आई शांतपणे म्हणाली. "तुझी काकू म्हणाली तेव्हा मला तिचा राग आला. वाटलं, जळते माझ्यावर. पण ती आणि हा, दोघं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मग दोघंही तेच कसं म्हणतात?"

मी बाहेर येऊन कोमट केलेलं तेल झाकून ठेवलं.

बाई लावली. ती रोज येते, कामाला वाघ आहे, पण घाईची आहे आणि बाळाला जरा जोरात रगडते. बाळ काळं-निळं होईतो रडतं. कुठे चुकतंय ते आईला आतून नुसतं ऐकूनही कळत असणार. ती टीव्हीचा आवाज वाढवते.