डॅडींचं होल्स्टर

डेल्बर्ट हचिन्सकडे सदतीस होल्स्टरं होती, आणि त्याच्या पोटात दुखायचं ते अडतिसाव्यासाठी.

सगळी सॅन अँजेलोच्या म्हाताऱ्या टॉलिव्हरच्या हातची. कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायचं असं चामडं पश्चिम टेक्ससमध्ये त्याच्यानंतर कुणी शिवलंच नाही, असं डेल्बर्टचं मत होतं, आणि ते तो न विचारताही सांगायचा. शिक्का झाकून ठेवा, नुसत्या शिवणीवरून अंगठा फिरवून तो साल ओळखे. ओडेसाच्या तेलकंपनीतली नोकरी सांभाळून त्याने आपले सगळे रविवार प्रदर्शनं पालथी घालण्यात घालवले होते.

अडतिसावं होतं त्याच्या धाकट्या भावाच्या, रॉयसच्या कमरेला. ते त्यांच्या वडिलांचं. एमेट हचिन्स सव्वीस वर्षं डेप्युटी शेरिफ होते आणि तेवढी वर्षं ते त्यांनी वापरलं. जाताना रिव्हॉल्व्हर त्यांनी थोरल्याच्या नावाने ठेवलं, पण होल्स्टर त्याआधीच रॉयसकडे पोचलं होतं. रॉयस रँच सांभाळायचा आणि त्यात चक्क कुंपणाच्या तारा ओढायची पक्कड घालून हिंडायचा. गाढवाला गुळाची चव काय! थँक्सगिव्हिंगला तो ते तसंच लटकवून जेवायला बसला, की डेल्बर्टच्या घशाखाली टर्की उतरत नसे. डॅडींचा लाडका कोण, हे सगळ्या टेबलाला दिसतंय असं त्याला वाटे. बाकी कुणाचं तिकडे लक्षही नसे, ते सोडा.

डॅडी गेल्यावर नऊ वर्षं तो असा जळत राहिला. मग एका मार्चात संग्रहाच्या कपाटातलं सगळ्यात देखणं होल्स्टर आणि डॅडींचं रिव्हॉल्व्हर घेऊन रँचवर गेला आणि होल्स्टरांची अदलाबदल करू म्हणाला. वाटेत त्याने लांबलचक भाषण जुळवलं होतं. रॉयसने ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. पट्टा सोडला, पक्कड काढून खिशात कोंबली आणि होल्स्टर पुढे केलं.

"एवढंच ना? आधी बोलायचंस की."

इतकं सहज मिळालं याचाही डेल्बर्टला राग आला. त्याने रिव्हॉल्व्हर आत सरकवलं, तर ते अर्ध्यातच अडकलं. चामडं पकडीच्या आकाराला बसलं होतं.

"वाट लावलीस तू ह्याची," तो म्हणाला. मग जाणकाराच्या सुरात त्याने उपाय सांगितला. कोमट पाण्यात भिजवायचं, रिव्हॉल्व्हर दाबून बसवायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं, की पहिला आकार परत येतो.

रॉयसचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "म्हणजे पकडीचा ठसा जाणार?"

"जायलाच हवा."

"तो माझा नाहीये, डेल्बर्ट. रिटायर झाल्यावर डॅडींनीच तिथे पक्कड ठेवायला सुरुवात केली. अकरा वर्षं आम्ही दोघं कुंपणं दुरुस्त करत फिरलो. तू वर्षातून एकदा यायचास, तेव्हा ते चांगल्या कपड्यांत असायचे."

डेल्बर्टने अडकलेलं रिव्हॉल्व्हर बाहेर ओढलं. नऊ वर्षं जो प्रश्न त्याने गिळला होता, तो शेवटी बाहेर पडला. "मला का नाही दिलं त्यांनी?"

"तुलाच द्यायचं होतं. मला तसं म्हणालेही होते. मग तू तुझ्या त्या कपाटाचे फोटो पाठवलेस. ते बघून म्हणाले, त्याच्याकडे इतकी चांगली चांगली आहेत, माझं हे झिजलेलं तो कुठे ठेवील? रॉयस, तुझ्याकडेच राहू दे."

डेल्बर्टने होल्स्टर परत त्याच्या हातात दिलं. रॉयसने ते घेतलं. पट्टा बांधला, पक्कड जागेवर घातली. ओढ्याकडची तार सैल पडली आहे, येतोस का, एवढंच म्हणाला.

डेल्बर्ट त्याच्यामागून गेला. तार कशी धरायची हेदेखील त्याला धाकट्या भावाला विचारावं लागलं.

"डॅडी अशी धरायचे," रॉयसने दाखवलं, आणि त्या दोघांच्या त्या अकरा वर्षांचा हेवा वाटून डेल्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं.