ईसाला एक कमी

माझ्या बायकोच्या मामांचे एकोणीस मासे मी मारले. एकही सुटला नाही. आणि मारले ते अशा माणसाचे, की जनावर मोजून ठेवण्याच्या बाबतीत सबंध जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात त्याला जोड मिळायची नाही.

मामा राजुरीचे. हयात मेंढरांमागे गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा शेवटचा कळप विकला, आणि त्याच सुमारास पुण्याच्या मुलीनं घर बदलताना नकोशी झालेली खाटेएवढी काचेची टाकी त्यांच्याकडे आणून टाकली. मुलीला वाटलं, म्हाताऱ्याला विरंगुळा होईल. मामांना वाटलं, मेंढरं कोंडायचं नवं वाडगं आलं. टाकीला ते वाडगंच म्हणत, आणि दिवस मावळला की तिच्यासमोर उकिडवे बसून, तर्जनी काचेला न लावता, आतले केशरी गोल्डफिश मोजत. मासा काही मेंढरासारखा दरवाजातून एकेक करून आत येत नाही. मध्येच एखादा वळला की मामा पहिल्यापासून सुरुवात करत. तोवर घरात चहा उकळून काळा होवो की पाहुणा उठून एसटीला जावो, मोजणी पुरी झाल्याशिवाय मामा मान वळवत नसत. शेवटी समाधानानं म्हणत, "ईसाला एक कमी." एकोणीस हा आकडा त्यांना ठाऊकच नव्हता. वीस भरले की एक ईस; त्याच्या आतलं सगळं कमी.

दुसरा नेम बादलीचा. लहानपणी त्यांच्या वडिलांनी बाजारातून एक देखणा मेंढा आणून थेट कळपात सोडला होता आणि त्याच्या अंगावरच्या देवीच्या रोगानं अर्धा कळप आडवा केला होता. तेव्हापासून नवं जनावर एकवीस दिवस वेगळं, हा कायदा. मासा आणला तरी तो आधी पडवीतल्या निळ्या बादलीत; त्याची जाळी वेगळी, तांब्या वेगळा. हळूहळू हा कायदा घरभर पसरला. नवा टीव्ही दोन दिवस पडवीत बसून होता. नवी चप्पल उंबऱ्याआत यायला आठवडा घ्यायची. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा बायकोच्या बाजूनं मामाच पुढे होते. त्यांनी मलाही तासभर पडवीतच बसवलं आणि खिडकीतून निरखलं. मी एकदा शिंकलो, तर तास वाढला.

मी नारायणगावात विज्ञान शिकवतो. ही ओळख सांगताना आता आवाज जरा खाली येतो. बादलीचा हा अडाणीपणा मोडावा म्हणून गेल्या वर्षी मी मामांना एक यंत्र भेट दिलं. एक काळी नळी, तिच्यात अतिनील किरणांचा दिवा. टाकीतलं पाणी पंपानं दिव्याजवळून जातं आणि पाण्यातले जंतू मरतात. चार पाहुण्यांसमोर मी फळ्याशिवाय तास घेतला. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो, तो एक परजीवी. अंगावर वाढतो, मग गळून तळाशी पडतो, तिथं त्याची शेकडो पिल्लं होतात आणि नवा मासा शोधत पाण्यात पोहतात. तेव्हा त्यांना हा दिवा गाठतो.

"म्हंजी पवत असंल तवाच मरतं?" मामांनी विचारलं.

"हो."

"आन् अंगावर बसल्यालं?"

"त्याला नाही लागत. पण मामा, पुढची पिढी..."

"मंग बादली ऱ्हाऊ द्या."

पाहुणे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "मामा, तुमच्या मेंढ्याला मरून साठ वर्षं झाली." हे वाक्य मला त्या दिवशी फार चुरचुरीत वाटलं होतं.

दिवा मात्र मामांनी लावला, आणि माझ्यापेक्षा नीट लावला. पंपाचा कान पिळून धार करंगळीएवढी बारीक केली. म्हणाले, "पानी दिव्याजवळनं रमत गेलं पायजे. पळत्या मेंढराला औशद लागत न्हाई."

पावसाळा सरल्यावर मामा मोतीबिंदूसाठी महिनाभर मुलीकडे गेले. हल्ली केशरी धब्बे अंदाजानं मोजावे लागतात, हे त्यांनी मला जाताना हळूच सांगितलं. "नव्या डोळ्यानं पैल्यांदा कळप बगायचाय," म्हणाले. माझ्याकडे दोनच मागण्या होत्या. रोज मोजायचं. आत नवं काय बी सोडायचं न्हाई.

मी रोज शाळा सुटली की मोटारसायकलनं राजुरीला जाई. दहाव्या दिवशी नारायणगावात स्टँडजवळच्या दुकानात एक काळा गोल्डफिश दिसला. मामा नेहमी म्हणायचे, कळपात एक काळं असावं, मोजताना नजर ठरते. शिवाय हा धरून ईस भरत होता. नवा डोळा उघडावा आणि पुढे पुरा ईस दिसावा, या कल्पनेनं माझेच डोळे भरून आले. बादली पडवीत उपडी होती. मी तिच्याकडे बघून हसलो आणि काळ्याला थेट टाकीत सोडलं. दिवा होता ना.

त्यानंतर सहाव्या दिवशी दोन मासे दगडाला अंग घासताना दिसले. मी पंप पुरा सोडला. जितकं पाणी जास्त फिरेल तितके जंतू जास्त मरतील, असा माझा हिशेब. पाणी दिव्यापुढून धावत सुटलं आणि जंतूही त्याच्याबरोबर सुखरूप पार झाले. मग दिवा लागतोय ना, या शंकेनं मी नळीचं झाकण काढलं आणि चालू दिव्यात चांगलं डोकावून बघितलं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू शिरली, वेल्डिंग बघत बसल्यासारखी. दोन दिवस मी डोळ्यांवर ओली फडकी ठेवून पडलो. बायको फडकी बदलताना म्हणाली, "पोरांना काय शिकवता हो तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी गेलो तर माशांवर कुणी मीठ शिंपडावं तसं दिसत होतं. औषध आणून ओतलं, दिवा चालू ठेवूनच. नंतर दुकानदारानं सांगितलं, त्या उजेडानं औषधाचाच जीव जातो. त्या दिव्यानं त्या घरात मनापासून मारलं ते एवढंच.

आणि रोज दिवेलागणीला मामांचा फोन यायचा. एकच शब्द. "किती?"

तेरा होते तेव्हा मी म्हणालो, ईसाला एक कमी. सात होते तेव्हाही. काळा सगळ्यांत शेवटी गेला, त्या संध्याकाळी मी रिकाम्या टाकीसमोर उभा राहून तेच सांगितलं. पलीकडून मामा म्हणाले, "लई उपकार, पावणं." माशांचं एक वेळ सोडा. हे मला अजून गिळता आलेलं नाही.

मामा परत आले ते काळा चष्मा लावून. उंबऱ्यातून सरळ टाकीकडे गेले, उकिडवे बसले, चष्मा काढला, बोट उचललं. मी मागं उभा. सांगायला हवं होतं. ते बोट बराच वेळ तसंच हवेत होतं.

"डोळा झ्याक झालाय," मामा म्हणाले. "येक बी न्हाई, ते सपष्ट दिसतंय."

रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. उलट मला चहा पाजला, घरात बसवून. पण मोजणी सुटली. दिवस मावळला की ते हल्ली रस्त्याकडे तोंड करून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलतात. टोमॅटोचं त्यांना कधीही काही पडलेलं नव्हतं.

चार महिन्यांनी, परवा, मी हिय्या करून पिशवीत दोन मासे घेऊन राजुरीला गेलो. घरात शिरलो नाही. पडवीतली बादली स्वतः घासली, पाणी भरलं, मासे सोडले, वेगळी जाळी आणि वेगळा तांब्या शेजारी मांडला. मग आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा उभा राहून म्हणालो, "मामा, एकवीस दिवस वेगळे ठेवू. आत सोडायचे नाहीत."

मामांनी बादलीत बघितलं. मग उघड्या दारातून आतल्या कोरड्या टाकीकडे बघितलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"कुनापासनं येगळं ठेवताय, पावणं? आत कोन ठिवलंय तुमी?"