वरची कवळी

माझ्या सासूबाईंचे दात मिसरीने खाल्ले. मी लग्न होऊन रनाळ्याला आले तेव्हा त्यांच्या तोंडात दात होते, पण काळेभोर. पुढे ते एकेक करून निरोप घेत गेले आणि शेवटी तीनच उरले, तेही हलणारे. सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, वरचे सगळे कधी पडले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आबा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं तोरणमाळच्या गाडीवर. बोलता बोलता दात पडले असतील आणि त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. खाली पुढचे चार तेवढे राहिले होते. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की आबांना एकदम गोठ्यात काहीतरी काम आठवायचं.

दोघं रोज एकाच ताटात भाकरी कुस्करून, वर डाळ ओतून काला करायचे आणि समोरासमोर बसून खायचे. त्यांचं काही अडलेलं नव्हतं.

अडलं ते माझ्या मुलीची स्थळं यायला लागली तेव्हा. मुलगी नाशिकला औषधाच्या कंपनीत नोकरीला. एका संध्याकाळी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जाहीर केलं, “पाव्हणा येवाना पयले माले दात पाहिजेत. फोटोमा मी काय तोंड बंद करी बसू?”

मीच त्यांना नंदुरबारला घेऊन गेले. डॉक्टरीण तरुण, माझ्या मुलीच्याच वयाची. तिने तोंड बघितलं आणि समजावून सांगायला लागली. शेजारचे दात भक्कम असते तर त्यांच्या आधाराने मधे पूल बसवता आला असता, पण इथे आधाराला कोणी शिल्लकच नाही. दुसरा उपाय इम्प्लांटचा. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात.

“भितडाले खिळा ठोकतस तसा?” आईंनी विचारलं.

“साधारण तसंच, आजी.”

आई खुर्चीवरून उठायलाच लागल्या. मग कवळीवर तडजोड झाली. हलणारे तीन दात काढले, हिरड्या भरून यायची वाट बघितली, मग गुलाबी लगद्याने माप घेतलं. लगदा तोंडात असताना आईंनी माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली.

खरी गंमत रंग निवडताना झाली. डॉक्टरणीने दातांच्या रंगांची एक पट्टी आणली. पांढऱ्यापासून पिवळटपर्यंत ओळीने दात लावलेले. तिने मधल्या एकावर बोट ठेवलं. “आजी, तुमच्या वयाला हा शोभेल. खरा वाटेल.”

आईंनी पहिल्यावर बोट ठेवलं, अगदी चुन्यासारख्या.

“तो फार पांढरा होईल. खोटा दिसेल.”

“खोटाच शे ना, माय?” आई शांतपणे म्हणाल्या. “आनि नवा दात लेवाना तं जुना रंगना कसाले?”

डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. आईंना पांढरे दात मिळाले.

त्याच सुमाराला मलाही हुक्की आली. माझं घरातच पुढच्या खोलीत पार्लर आहे. गावातल्या नवऱ्या मुली मी नटवते आणि माझे स्वतःचे दात चहाने तपकिरी झालेले. आईंच्या दातांशेजारी तर ते फारच दिसायला लागले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी जाऊन दात उजळून आले. दातांना कसलीशी जेल लावली, वर निळा उजेड सोडला. निघताना डॉक्टरीण म्हणाली, दोन दिवस चहा नाही, हळद नाही, तिखट नाही. पांढऱ्या कपड्यावर डाग पडेल असं काहीच खायचं नाही. मिरचीच्या मुलखात राहणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे उपाशी राहा म्हणण्यासारखंच. मी दहीभात खात बसले. गार पाण्याचा घोट घेतला की दातांतून कळ थेट कानशिलात जायची.

दुसऱ्या दिवशी चार वाजता शहाद्याकडचे पाहुणे येणार होते. दुपारच्या जेवणानंतर आईंनी भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, हिरड्या दुखायला लागल्या म्हणून कवळी काढून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाटीत पाण्यात ठेवली आणि आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या. मुलगी साडी नेसत होती. मी पोहे भिजवत होते. आणि पाहुणे तीनलाच आले.

दारात गाडी थांबल्याचा आवाज आला तशी धांदल उडाली. मी आईंना उठवलं. त्या ओट्याशी गेल्या, वाटीत हात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या. खालची कवळी होती. वरची नव्हती.

“मन्हा दात कोठे शेत?”

मी मघाशी ओट्यावरची दोन-तीन भांडी मोरीत उपडी केली होती. नवरा बाहेर पाहुण्यांना या-बसा करत होता, त्याला खुणेने आत बोलावलं. त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून मोरीची जाळी उचलली आणि आत हात घातला. भात निघाला, कोथिंबीर निघाली, माझा हरवलेला चमचा निघाला. दात निघाले नाहीत. बाहेरून पाहुण्यांतल्या आजोबांचा आवाज आला, “घरात पाण्याची अडचण आहे का काही?”

शेवटी आईंनी पदर डोक्यावरून ओढून तोंडावर धरला आणि बाहेर जाऊन बसल्या. मी पोहे घेऊन मागोमाग गेले. मुलाकडचे चौघं होते. मुलगा, त्याची आई आणि आजी-आजोबा. मुलाच्या आजी आईंकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, “बघा, असा पदर घेणारं आता कोण राहिलंय?” आईंनी पदराआडून मान हलवली.

पाहुण्यांसमोर सगळे घरची बोली सोडून शाळेतलं मराठी बोलत होते, त्यामुळे आधीच जरा अवघडल्यासारखं झालं होतं. आणि मला जाणवलं की आबा बोलत नाहीयेत. ओसरीवरच्या खुर्चीत ते हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले. हा माणूस रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून तोरणमाळच्या घाटाची गोष्ट सांगतो. प्रकृती बिघडली की काय म्हणून मी जवळ जाऊन हळूच विचारलं. त्यांनी डोळे मोठे करून मला जायची खूण केली. पोह्यांची बशी समोर ठेवली, तिलाही हात लावला नाही.

“आजोबा फार शांत दिसतात,” मुलाची आई म्हणाली. माझ्या नवऱ्याला ठसका लागला.

मुलगी चहा घेऊन आली. पगार सोडून नाव-गाव, नोकरी, सगळं विचारून झालं. मुलाच्या आजोबांनी आबांना बोलतं करायचं ठरवलं. “तुम्ही तोरणमाळ लाइनला होतात म्हणे?”

आबांनी मान डोलावली.

“आम्ही मागच्या महिन्यात जाऊन आलो. काय नाही हो त्या घाटात. नातवाने गप्पा मारत गाडी वर नेली. आधीच्या एसटीवाल्यांनी उगाच बाऊ करून ठेवला होता.”

आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आकाशाकडे बघितलं. आणि मग त्यांना राहवलं नाही.

“कोन म्हनस बाऊ कया?” असं ते ओरडायला गेले. त्यातलं “कोन” तेवढं स्पष्ट ऐकू आलं. पुढचे शब्द एका लांब शिट्टीत गेले, आणि शिट्टीच्या पाठोपाठ पांढरीशुभ्र दातांची अख्खी ओळ आबांच्या तोंडातून निघून समोरच्या पोह्यांच्या बशीत पडली.

मग आईंनी पदर सोडून दिला आणि बोळक्या तोंडाने किंचाळल्या, “तुम्हना तोंडमा मन्हा दात?”

माझ्या मुलीच्या हातातला ट्रे थरथरायला लागला. तिने ओठ चावून धरला होता, पण समोर बसलेल्या मुलाने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले, तशी तीही फुटली. मुलाच्या आजी तर इतक्या हसल्या की त्यांची पाठ चोळावी लागली. मी हसायला तोंड उघडलं, नको तिथे वारा लागला, कळ कानशिलात गेली, आणि रडत रडत हसले.

आईंनी बशीतून कवळी उचलली, एक शेंगदाणा बाजूला केला आणि आत गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. आबाही आले. स्वयंपाकघरात आई नळाखाली कवळी धूत होत्या.

“कसाले घाली व्हती?” त्यांनी पाठ न वळवता विचारलं.

आबा दारातच उभे राहिले. “तू आते कडक भाकर खास. शेंगा खास. मी एकलाच काला खास.” मग कवळीकडे बोट करून म्हणाले, “देखी ऱ्हायंतू, माले बठस का. बठी, पन निंघेच ना. आनि त्या पाव्हणा उनात.”

आईंनी नळ बंद केला. मी पोह्यांचं पातेलं उगाचच ढवळत राहिले.

“मंग सांगानं व्हतं ना माले,” आई म्हणाल्या. आवाजातला राग गेला होता. त्यांनी कवळी बसवली, पदर नीट केला आणि बाहेर जाऊन मुलाच्या आजींशेजारी बसून मोकळं हसल्या. मग आबांनीही मुलाच्या आजोबांना घाट समजावून सांगितला, वळणावळणाने. पाहुणे अंधार पडायच्या आत निघणार होते. ते काही जमलं नाही.

दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. तिने आधी दातांच्या डॉक्टरणीचा नंबर मागितला, सासऱ्यांसाठी. मग म्हणाली, मुलं आपसात बोलली आहेत, तुमचं काय म्हणणं आहे? आमचं काही म्हणणं नव्हतं. मुलीने तर आधीच होकार कळवून टाकला होता, आम्हाला न विचारता.

साखरपुड्याच्या आधी आबांना नंदुरबारला नेलं. गोठ्यातलं काम या वेळी कोणी ऐकून घेतलं नाही. खालचे चार दात डॉक्टरणीने राहू दिले, वरची कवळी बनवली. रंगाची पट्टी पुढे केली तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं आणि वयाला शोभेल तोच घेतला. डॉक्टरीण खूश झाली. जाताना तिने सांगितलं, पहिले काही दिवस मऊ खा आणि रोज मोठ्याने वाचा, म्हणजे जिभेला सवय होईल.

आबांना मोठ्याने काही करायला सांगायची गरज कधीच पडली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी घरापुढच्या ओट्यावर बसून अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागले, बाजारभाव, निधनवार्ता, सगळं. दूध घालायला जाणारी माणसं थांबून कापसाचा भाव ऐकून जायची. आई शेजारी तांदूळ निवडत बसायच्या. “सोयाबीन”ला शिट्टी वाजली की त्या सूप खाली ठेवायच्या.

“जीभ मांगे ले,” त्या सांगायच्या. “आनि परत वाच.”

आबा परत वाचायचे.