नुरियेमावशीच्या गावातला चहावाला

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून भांडी घासायला जाणारा माणूस. आठवीतनं शाळा सोडली, पण असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. इथं लिहिणारे तुम्ही सगळे शिकलेले... काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी स्टुटगार्टला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. गाव सांगलीकडचं. नवीन आलो तेव्हा जर्मन शून्य, लिफ्टचं बटण दाबायचीसुद्धा भीती. खालच्या मजल्यावर नुरियेमावशी राहायची. तुर्की बाई, एकटी. तिनं मला जेवू घातलं, आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, हाताला धरून नेलं. मी पोळ्या लाटताना दारातून ओरडायची, "इंडियन, रस्ता बांधतोयस का? माझी युफ्काची पोळी बघ, पलीकडचं दिसतं!"

मागच्या वर्षी आई गेली. मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेवटचं पाणी थोरल्या भावानं पाजलं. ते मला अजून टोचतं.

या वर्षी मावशी आजारी पडली आणि आपल्या गावी गेली – तुर्कस्तानात कोन्या शहराच्या पुढं, डोंगराखालचं लहानसं गाव. एक दिवस तिची सून आयला हिचा फोन आला, "यायचं असेल तर आत्ताच ये." या वेळी पाणी चुकवायचं नाही, एवढंच डोक्यात. जर्मनीला हॉटेलवाल्यांनी आणलं होतं; स्वतःहून एकटा परक्या देशात आयुष्यात पहिल्यांदाच निघालो. कोन्याला आधीची बस मिळाली, फोनला रेंज नाही, त्यामुळं आयलाला कळवता आलं नाही.

दुपारी उतरलो. स्टँडवर एक चहाची टपरी. घर माहीत नाही. एका गिऱ्हाइकानं स्टूल पुढं सरकवलं, आणि मावशीनं बजावलेलं – आमच्याकडं चहाला नाही म्हणायचं नाही, अपमान होतो. म्हणून आधी गुपचूप स्टुलावर बसलो. म्हातारा चहावाला माझ्याकडं बघतच राहिला. मग जर्मनमध्ये म्हणाला – तिकडं काम करून परतलेला असावा – "नुरियेकडं ना?"

"हो... हो."

"मग बसलास काय? ऊठ! चहा नाही मिळणार. लॉस! पळ!"

बखोट धरून मला उठवलं आणि समोरच्या गल्लीतलं शेवटचं घर दाखवलं. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पण पळत सुटलो.

दार उघडंच होतं. आयला कापसाच्या बोळ्यानं मावशीचे ओठ ओले करत होती. त्यांच्यातही तेच करतात, हे मला तिथं कळलं. तिनं न बोलता बोळा माझ्या हातात दिला. मावशीनं डोळे उघडले. "ओलुम," म्हणाली – म्हणजे माझ्या लेका. मी पाणी दिलं. तिनं गिळलं... आणि थोड्याच वेळात गेली. चहाला बसलो असतो तर संपलंच होतं.

आयलानं नंतर विचारलं, "घर कुणी दाखवलं?"

"चहावाल्यानं. तू सांगून ठेवलं होतंस ना?"

"मी? मी तर घराबाहेर पडलेच नाही."

दफन झाल्यावर आभार मानायला मी टपरीवर गेलो. या वेळी त्यानं चहा दिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं, मी येणार?"

"एका बाईनं. सकाळी इथं पायरीवर बसली होती. आमच्या गावची नव्हे. म्हणाली, माझा पोरगा येईल, भित्रा आहे, कुणी बस म्हटलं की बसतो. त्याला चहा पाजू नका, उशीर होईल."

"कुठल्या भाषेत?"

तो जरा विचार करून म्हणाला, "ते सांगता येत नाही. मला समजलं, एवढंच."

"दिसायला कशी होती?"

त्यानं डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं. मग बोट तोंडात घालून दातांवरून फिरवलं. "असं काहीतरी काळं लावत होती सारखी. मी विचारलं, बाई, दात दुखतात का? तर हसली."

मी पेला खाली ठेवला. आमच्या आईला मिसरीशिवाय सकाळ नव्हती. ही गोष्ट मी मावशीलासुद्धा कधी बोललो नव्हतो, लाज वाटायची. त्या गावात मिसरी कुणाला माहीत असणार?

परत येऊन थोरल्याला फोन केला. तो ऐकून रडला. मला आजवर उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला काही कळलं तर सांगा.

मला एकच विचारायचंय. एवढ्या लांब आली, पायरीवर बसून राहिली, परक्या माणसाशी बोलली... मग मला का नाही भेटली?