एकशे त्र्याऐंशी ठिपके

शाहूपुरीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत निसार मखमल दाबायचा. चौऱ्याहत्तर साली त्याला त्या कामावर अकरा वर्षं झाली होती.

कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं लायसिन हे पोषकद्रव्य स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त बनवून बाहेर टाकेल, असा जंतू प्रयोगशाळेचे प्रमुख गणपतराव साहेबांना हवा होता. गुण बदलावा म्हणून किरणं मारलेले जंतू प्लेटवर वाढवायचे, एकेकाचा एकेक ठिपका. त्यावर वाफेनं निर्जंतुक केलेली मखमल दाबून तोच ठसा दुसऱ्या प्लेटवर उठवायचा. तिथं लायसिनवाचून न वाढणारे पांगळे जंतू पसरलेले असत. लायसिन बाहेर टाकणाऱ्या उधळ्या ठिपक्याभोवतीच ते वाढत, तिथं पांढरं कडं दिसे. मग मूळ प्लेटवरून तो ठिपका उचलायचा. जागा जुळावी म्हणून दोन्ही प्लेटांच्या कडेला रेघ लागे. ती ओढायचं काम त्र्यंबकचं. तो एम.एस्सी. झालेला.

दोन वर्षांच्या खटपटीनंतर त्या साली एकदाचं कडं उमटलं, आणि त्याच प्लेटला रेघ नव्हती. निसारनं दाखवलं, तर त्र्यंबक म्हणाला, एका रेघेनं काय आभाळ कोसळतंय? त्यानं अंदाजानं एक ठिपका उचलला, सापडला म्हणून साहेबांना दिला आणि मूळ प्लेट धुवायच्या ढिगात टाकली. निसारला किळस आली. त्यानं ती ढिगातनं काढून फ्रिजमध्ये ठेवली.

दिलेल्या ठिपक्याला कडं येईना. आठवड्यानं खाद्याच्या कंपनीची माणसं जंतू बघायला येणार होती. साहेबांनी दोघांना बोलावलं. त्र्यंबक खिडकीकडं बघत म्हणाला, "ह्याची मखमल सरकली असणार."

निसारची मखमल अकरा वर्षांत केसभर सरकली नव्हती. साहेब त्याच्या हातांकडं बघत राहिले. निसारनं फ्रिजमधली मूळ प्लेट काढून आणली. त्यानं बांबूच्या बारीक काड्या तासल्या, वाफवल्या आणि मूळ प्लेटवरचे एकशे त्र्याऐंशी ठिपके, दर ठिपक्याला नवी काडी, आकडे घालून पांगळ्या जंतूंवर तपासायला ठेवले. चौथ्या दिवशी एकशे बेचाळीसला कडं आलं.

"मी म्हणत नव्हतो, प्लेट हीच?" त्र्यंबक म्हणाला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. निसारला म्हणाले, उद्यापासून फक्त ह्यांच्याच हाताखाली काम कर.

"बाटल्या धुतो, साहेब. ह्यांच्यासाठी मखमल धरणार न्हाय."

"का रे?"

"चूक सगळ्यांची हुतीया. ह्यांनी ती माझ्या हाताला पुसली."

पुढची नऊ वर्षं निसारनं बाटल्या धुतल्या. त्र्यंबक मागायला आला की तो बाटली टेबलावर ठेवी, हातात देत नसे.