भाच्याबरोबरच्या तीन फेऱ्या

आमच्यात मामानं भाच्यावर हात उचलायचा नसतो. उचलला तर म्हातारपणी हात कापतो, असं आमच्या सुरिनाम गावातल्या घरात सगळे मानत. माझा भाचा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. माझी आई आणि थोरली बहीण एकाच वर्षी बाळंत झाल्या आणि आम्ही दोघे एकाच अंगणात वाढलो. तो मला बुकलायचा आणि आई मलाच गप्प करायची, "भाचा आहे तो. सोसायचं."

साठ सालाच्या आसपास आम्ही दोघांनी क्युरपिप शहराच्या बाजूच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या वर्गात नाव घातलं. वर्ष एक, विद्यार्थी चौदा. मास्तर लष्करातून निवृत्त झालेले होते आणि आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीतून शिकवायचे. कवायतीत पाऊल चुकलं की पोटरीवर वेताची छडी. पहिल्या महिन्यात मी तेवीस खाल्ल्या. लाकडी घोड्यावरून उडी मारताना एकाचं मनगट मोडलं, तर मास्तरांनी हात गळ्यात बांधून त्याला रांगेपुढे उभं केलं आणि कवायतीचे आकडे म्हणायला लावले. मैदानात आठवड्यातले पाच दिवस चिखल असायचा.

मुष्टियुद्धाची परीक्षा सक्तीची होती. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. निदान तीन ठोसे स्वच्छ लागले पाहिजेत आणि शेवटपर्यंत उभं राहिलं पाहिजे. त्यात नापास झालो तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर शाळेत नोकरी नाही. मग पुन्हा ऊस तोडणं. मी दोन हंगाम तोडला होता. तिसरा मला तोडायचा नव्हता.

जोड्या वजनावर लावल्या. मी एकशे एकोणतीस पौंड, भाचा एकशे तीस.

"मास्तर, जोडी बदला," मी म्हटलं. "हा माझा भाचा आहे."

"हा? मिशी तर याला तुझ्या आधी आलीय," मास्तर म्हणाले. सगळा वर्ग हसला. जोडी बदलली नाही.

हातमोजे बांधताना भाचा पुटपुटला, "मामा, मार रे. आईला नाही सांगणार मी."

"जमणार नाही मला."

"मग मीच एवढं बडवतो की चिडशील."

त्यानं तसंच केलं. पहिल्या फेरीत मला सोळा ठोसे बसले. मी मोजत होतो, कारण दुसरं काही करत नव्हतो. नाकातून रक्त तोंडात आलं. दुसऱ्या फेरीअखेर सदतीस झाले. खालचा ओठ दाताला लागून फाटला आणि एक डोळा मिटला. मास्तर छडीनं माझ्या मांडीवर मारत ओरडत होते, "ताप ली! ताप ली!" म्हणजे हाण त्याला. माझ्या नावापुढे शून्य होतं.

तिसऱ्या फेरीत भाच्यानं दोन ठोसे हुकवल्यासारखे केले आणि मग हात खाली सोडून तोंड पुढे केलं. "हे घे. तीन मार आणि सोड मला. थंडी वाजतेय."

मी मारले. एक हनुवटीवर, एक गालावर, तिसरा डाव्या कानावर. मास्तरांनी मोठ्यानं तीन म्हटलं. ते मला स्पष्ट ऐकू आलं. तरी मी चौथा मारला. काम झालं असं समजून भाच्यानं हात वर घेतलेच नव्हते. पाचवा, सहावा, सातवा, सगळे त्याच कानावर. मला बरं वाटत होतं, हे लिहायला हवं. आठव्याला तो गुडघ्यावर आला. नववा, दहावा, अकरावा मी गुडघ्यावर बसलेल्या माणसाला मारले. मग मास्तरांनी मला मानेला धरून मागे ओढलं आणि ते म्हणाले, "असं पाहिजे!" पन्नासपैकी एकेचाळीस गुण दिले.

भाच्याच्या कानातून रक्त येत होतं. तो एकोणीस दिवस इस्पितळात होता. बहीण भाकरीचा डबा घेऊन आली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो.

"त्यानं किती मारले?" तिनं विचारलं.

"सदतीस."

"आणि तू?"

"अकरा."

"पास व्हायला किती लागत होते?"

"तीन."

ती माझ्या फुटलेल्या ओठाकडे बघत राहिली. मग डबा उचलून आत गेली. मला आत बोलावलं नाही.

मास्तरांनी भाच्यालाही पास केलं, पण डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला नाकारलं. त्या हंगामात तो ऊस तोडायला गेला. मला सुरिनामपासून दूरच्या एका शाळेत कवायत शिकवायची नोकरी मिळाली. रुजू व्हायच्या सकाळी तो माझी पेटी डोक्यावर घेऊन बसथांब्यापर्यंत आला.

"मामा, पोरांना मारू नकोस हां," तो हसत म्हणाला.

मी त्याच्या डाव्या हाताला चालत होतो. नाही मारणार, असं मी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. तो समोर रस्त्याकडे बघत चालत राहिला. त्याला ऐकू गेलं नव्हतं. बस आली तेव्हा मी पेटी घेतली आणि चढलो. ते पुन्हा बोललो नाही.