पराश्काच्या घराची पाठ

पराश्का होलोवाचला पाय मोडल्याचं दुःख नव्हतं. पाय मोडतात, जुळतात. दुःख याचं, की ती प्लास्टर घालून दवाखान्यात पडलेली असताना तिचं माहेरचं घर ट्रकवर चढून गावात आलं, आणि ते उतरवताना आरडाओरडा करायला ती जागेवर नव्हती. पराश्का जागेवर नसली की या गावातले शहाणे काय माती खातात, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गावाच्या कडेला, धान्याच्या उंच कोठाराच्या पलीकडे, ‘जुनी वसाहत’ नावाचा बगीचा उभा राहत होता. समुद्रापलीकडून इथं येऊन वसलेल्या पहिल्या लोकांची, आसपासच्या शेतांवर पडीक झालेली घरं उचलून आणायची, एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं मांडायची, रंग फासायचा. मग रविवारी लोकांनी पोरंबाळं घेऊन यायचं, घोडागाडीत बसायचं, आइस्क्रीम चाटायचं आणि आपले आजोबा किती हालात राहिले म्हणून चुकचुकायचं. लोहाराचं दुकान आलं होतं. एका खोलीची शाळा आली होती. स्वीडिश लोकांचं लाकडी चर्च आलं होतं. आणि गार्थ लिंडक्विस्टच्या आजोबांची बँक आली होती, ती बरोब्बर मधोमध, कारण समितीचा अध्यक्ष गार्थ.

पराश्काचं घर युक्रेनी. ओंडक्यांच्या भिंती, वरून मातीचा गिलावा, त्यावर चुना. आईबाप गेल्यावर भावानं त्यात गहू भरला, नंतर कोंबड्या ठेवल्या. कोंबड्या शेवटच्या भाडेकरू, आणि त्यांची कधी तक्रार नव्हती. समितीनं घर मागितलं तेव्हा पराश्कानं एकच अट घातली होती: “होतं तसं ठेवायचं.”

“अगदी तसंच, पराश्काबाई,” असं गार्थ म्हणाला होता. छातीवर हात ठेवून.

मे महिन्यात बर्फ सरलं आणि पराश्का काठी टेकत घर बघायला आली. रस्त्यावर उभी राहिली. घर तिच्याकडे बघत होतं. दार, दाराच्या दोन्ही अंगांना निळ्या चौकटीच्या खिडक्या, सगळं तिच्याकडे बघत होतं. आणि तिथंच तिचं डोकं फिरलं.

“हे काय आहे?”

“तुमचं घर!” गार्थ खुशीत होता. “चुना पण नवा मारला.”

“चुना दिसतोय मला. घराचं तोंड कुठं आहे?”

“रस्त्याकडे.”

“म्हणजे उत्तरेकडे.”

“म्हणजे रस्त्याकडे,” गार्थ म्हणाला. “सगळ्यांचंच आहे.”

“सगळ्यांचं असेल. आमचं नव्हतं.”

या माळरानावर एकही युक्रेनी घर असं नाही की ज्याचं तोंड दक्षिणेला नाही. हिवाळ्यात सूर्य खाली वाकून खिडक्यांतून आत येतो, जमिनीवर पसरतो. उत्तरेची भिंत मुकी: दार नाही, खिडकी नाही, नुसती पाठ. वारा काय मारायचा तो तिच्यावर मारतो. देवाच्या तसबिरी पूर्वेच्या भिंतीवर, उगवतीकडे. गार्थनं घर उलटं ठेवलं आणि देव मावळतीला गेले, खिडक्या वाऱ्याच्या तोंडी गेल्या.

पण पराश्काचं खरं दुखणं याहून आत होतं. पहिल्या वर्षी, जमिनीवर नुसतं गवत असताना, तिच्या बापाला घराचं तोंड उत्तरेला हवं होतं. का, तर पुढंमागं रस्ता तिकडून जाईल. आई, येवदोखा, गाठोडं घेऊन गवतात बसली आणि म्हणाली, “सूर्य इकडं आहे, मी इकडं बघणार. तुला रस्त्याकडं बघायचंय तर तू बाहेर झोप.” त्या बाईला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. कुठल्या जहाजानं यायचं, कुठली जमीन घ्यायची, नवरा कुठला करायचा, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. उभ्या जन्मात तिनं एवढं एकच भांडण जिंकलं होतं. आणि गार्थनं ते ट्रकवर घालून हरवलं.

“फिरव,” पराश्का म्हणाली.

“अहो, फिरवलं तर रस्त्यावरून काय दिसेल? कोरी भिंत! लोकांना वाटेल गोदाम आहे. बँकेकडे बघा, कशी रस्त्याकडे तोंड करून—”

“बँक गिऱ्हाइकाकडेच तोंड करून बसणार. आमचं घर गिऱ्हाईक शोधत नव्हतं.”

गार्थ तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. शाळेत त्याचं नाक तिनं आपल्या पदराला, म्हणजे ॲप्रनला, पुसलेलं. तिच्यासमोर तो नेहमी अर्धा इंच बुटका व्हायचा. पण समितीत बसला की पुन्हा वाढायचा. समितीत ठराव आला आणि उत्तर मिळालं, पुढच्या वर्षी विचार करू.

पुढच्या वर्षी! हे दोन शब्द पराश्काला पाठ होते. ती कामाला होती त्या अंडी भरायच्या कारखान्यात बायका दिवसभर उभ्या राहायच्या, त्यांना बसायला स्टूल मागितलं तेव्हाही मालक पुढच्या वर्षी म्हणाला होता. मग पराश्कानं सगळ्या बायकांना अंड्यांच्या खोक्यांवर बसवलं, आणि स्टुलं त्याच आठवड्यात आली. ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. मालक शिकवतात.

आताही तिनं पाहिलं, की समितीचं नाजूक अंग कुठलं. उद्‌घाटनाचं जेवण! या गावात वारेनिकी नसतील तर लग्न लागत नाही आणि मयताला माणूस थांबत नाही. वारेनिकी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, वर लोण्यात परतलेला कांदा. त्या करणाऱ्या बायका युक्रेनी चर्चच्या तळघरात लांब टेबलांभोवती बसतात आणि कडा चिमटतात. बायकांनी चिमटणं थांबवलं की गाव थांबलं.

अडचण एकच. तळघराची राणी स्तेफ्का मांद्रिक. आणि स्तेफ्का नि पराश्का सरळ बोलत नव्हत्या. कुणाच्या तरी मयताच्या जेवणात स्तेफ्का भर पंगतीत म्हणाली होती, की पराश्काच्या करंज्या पाण्यात पडल्या की तोंड उघडतात, करणारीसारख्याच. 

पराश्का काठी आपटत तळघराच्या पायऱ्या उतरली.

“आली,” स्तेफ्का पिठातून मान वर न करता म्हणाली. “ओट्याला हात लावू नकोस.”

“हात लावायला नाही, हात थांबवायला आलेय. घर फिरवत नाहीत तोवर वारेनिकी नाहीत. बोल.”

“घर तुझं, भांडण तुझं. माझं पीठ कशाला मध्ये?”

“तुझ्या आईचं घर पण दक्षिणेलाच बघत होतं ना गं?”

“माझ्या आईचं घर जळलं. त्याला आता कुठलंच तोंड नाही.” स्तेफ्कानं वाटीनं पोळीतून गोल कापला. “शब्द दिलाय मी. रविवारी जेवण होणार.”

बाकीच्या बायका खाली बघत चिमटत राहिल्या. पराश्का हरल्यात जमा होती. पण तेवढ्यात गार्थकडे कुणीतरी चुगली केली होती, आणि तो बिचारा भांडण मिटवायला धावत पायऱ्या उतरून आला. न येता तर आजही ते घर उत्तरेलाच बघत असतं.

“बायांनो, ताण घेऊ नका,” गार्थ हसत म्हणाला. “संप करायचा तर खुशाल करा. दुकानात फ्रीजरमध्ये मिळतात तयार, पिशवीत. उकळलं की झालं. कुणाला फरक कळतोय?”

लाटणी थांबली. एका म्हातारीनं कपाळाला पीठ लागेल याची पर्वा न करता कपाळावर हात मारला.

स्तेफ्कानं हात पुसले. एकेक बोट पुसलं.

“कुणाला फरक कळतोय,” ती हळूच म्हणाली. मग मान वळवून, कित्येक वर्षांनी सरळ तोंडावर म्हणाली, “पराश्का, कुठल्या दिशेला पाहिजे म्हणालीस घर?”

“दक्षिणेला.”

“थोडं इकडंतिकडं चालेल, का अगदी सरळ?”

“अगदी सरळ.”

“ऐकलंस ना गार्थ? अगदी सरळ. आणि पिशवीतल्या करंज्या तुझ्या आजोबांच्या बँकेत ठेव, व्याज येईल.”

बायकांनी ॲप्रन सोडले आणि खुंट्यांना लावले. 

घरं हलवणारा वॉल्टर क्लासन बोलावला गेला. त्यानं पूर्ण माळरानावरची घरं हलवली होती, पण एकच घर दोनदा कधी नाही. “मला काय,” तो तंबाखू चघळत म्हणाला, “गाय गोठ्यात उलटी बांधली तर सुलटी बांधायची.” खाली लोखंडी तुळया सरकवल्या, जॅक लावले, आणि घर कुरकुरत, अंगावरची चुन्याची खपली झाडत गोल फिरलं. स्तेफ्का भर दुपारी काठी जमिनीत रोवून सावली बघत होती. “अजून जरा. अजून. हां, बस! आता श्वास घे, वॉल्टर.”

गार्थ रस्त्यावर उभा राहून कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होता. “कुत्रं येणार नाही इकडं,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”

रविवारी उद्‌घाटन झालं. पाद्रीबाबांनी सकाळी येऊन उगवतीच्या भिंतीवरच्या तसबिरींसमोर घरावर पाणी शिंपडलं आणि वारेनिकीच्या वासाच्या दिशेनं निघून गेले. पराश्का भरतकामाचा सदरा घालून दाराशी बाकावर बसली. समोर लाइलॅकची झुडपं, त्यांच्यापलीकडे जवसाचं निळं शेत. पाठीमागं, भिंतीपलीकडे, अख्खी जत्रा. व्हायोलिन वाजत होतं, घोडागाडी खडखडत होती, पोरं किंचाळत होती. 

“हे काय आहे गं?” भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज.

“गोदाम असेल. चल, बँकेत फुकट सरबत देतायत.”

पराश्कानं दात आवळले. गार्थ आजोबांची टोपी घालून बँकेच्या दारात लिंबू सरबताचं पिंप घेऊन बसला होता, हे तिला ठाऊक होतं. लाच वाटतोय!

दुपारी स्तेफ्का ताट घेऊन आली. “कुणी आलं?”

“एक माशी.”

“खा.”

पराश्कानं खाल्लं. करंजीचं तोंड मिटलेलं होतं, चांगलं होतं, आणि ते तिनं सांगितलं नाही. तिला आईची आठवण येत होती. आईसुद्धा, तिनंच सांगितलेलं, पहिला सगळा हिवाळा याच खिडकीशी बसून या दिशेला बघायची, आणि एक माणूस यायचं नाही. बाप म्हणायचा, “बघ, रस्ता तिकडं आहे.” आज गार्थ म्हणेल. आणि पुढच्या वर्षी समिती वॉल्टरला पुन्हा बोलावेल, तेव्हा कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून एक बाप पळत आला. काखेत एक छोटी मुलगी, तिचे पाय एकमेकांत गुंतलेले, चेहरा लालबुंद.

“आजी! संडास कुठंय?”

आता गंमत बघा. संडास लोकांच्या नजरेआड असावेत म्हणून समितीनं ते पराश्काच्या घराच्या मागं, झुडपांत ठेवले होते. घर फिरलं तेव्हा मागचं अंगण पुढचं झालं, ही गोष्ट नकाशा काढणाऱ्याच्या डोक्यात आलीच नाही. संडासाची वाट थेट येवदोखाच्या अंगणातून जात होती. आणि दाराशी येवदोखाची लेक बसली होती.

“कुणाच्या अंगणात आलं की आधी काय म्हणतात?” पराश्कानं विचारलं.

“आजी, तिला धीर नाही हो!”

“तुला विचारलं, तिला नाही. तू जा गं बाळ. तुझा बाप थांबेल.”

बापानं टोपी काढली. “नमस्कार,” तो म्हणाला.

“नमस्कार. हात धुवायला पाणी आत आहे.”

परत आलेली मुलगी आत शिरली, तसराळ्यात हात बुडवले आणि इकडंतिकडं बघू लागली. “इथं कोण राहतं?”

“मी जन्मले इथं. त्या कोपऱ्यात.”

“हॉस्पिटलात का नाही?”

“सूर्य इथं होता म्हणून,” पराश्का म्हणाली. “बघ, जमिनीवर कुठवर आलाय. हिवाळ्यात पार भट्टीपर्यंत यायचा. माझी आई म्हणायची, फुकटचं सरपण.”

मुलगी उन्हाच्या चौकोनात बसली आणि उठेना.

त्यानंतर गार्थचं सरबत कामाला लागलं. जो पिंपाजवळून येई, तो थोड्या वेळानं पांढऱ्या भिंतीला वळसा घालून पळत येई. आज्या आल्या, गरोदर बायका आल्या, हवालदार आला. प्रत्येकानं टोपी काढली, नमस्कार म्हटला, हात धुतले, आणि येवदोखाच्या भांडणाची गोष्ट ऐकली. जे घाईत होते त्यांनी आधी अर्धी ऐकली, नंतर येऊन उरलेली. शाळेत शुकशुकाट, चर्चमध्ये दोन स्वीडिश म्हातारे डुलक्या काढतायत, आणि इथं झुडपांपर्यंत रांग. स्तेफ्का रांगेला शिस्त लावत होती. “ढकलाढकली नको! सगळ्यांना गोष्ट मिळणार!”

ऊन उतरायला लागलं तेव्हा कोपऱ्यावरून गार्थ आला. तोही आपलंच सरबत प्यायला होता. चालणं मोठं जलद होतं आणि गुडघे मात्र जवळजवळ.

पराश्कानं काठी आडवी धरली.

“टोपी.”

गार्थनं आजोबांची टोपी काढली. “नमस्कार, पराश्काबाई.”

“घराचं तोंड कुठं आहे?”

“पराश्काबाई, खरंच—”

“कुठं आहे?”

“दक्षिणेला! दक्षिणेला आहे! अगदी सरळ! जाऊ आता?”

काठी बाजूला झाली.

हात धुवायला तो आत आला, आणि हात पुसून झाले तरी तिथंच थांबला. ऊन त्याच्या बुटांवर होतं. “ऊबदार आहे हो इथं,” तो म्हणाला, जरा नाइलाजानं. मग बाहेर येताना अध्यक्षपण अंगात परतलं. “समितीत मुद्दा निघेल. पुढच्या वर्षी संडास दुसरीकडं हलवावेत म्हणून.”

“हलव की,” पराश्का म्हणाली. “स्तेफ्का, पुढच्या वर्षी वारेनिकी आहेत का गं?”

स्तेफ्का झुडपाशी उभी होती. तिनं आभाळाकडे बघून खूप विचार केल्यासारखं केलं.

“संडास कुठं असतील,” ती म्हणाली, “त्यावर आहे.”

गार्थनं टोपी घातली, मग अजून अंगणातच आहोत हे आठवून पुन्हा काढली, आणि हातात धरून भिंतीला वळसा घालून गेला. पराश्का बाकावर सरकली, स्तेफ्काला जागा झाली. मोडलेला पाय तिनं उन्हात लांब केला.

“कडा नीट मिटल्या होत्या आज,” ती म्हणाली.

“माहितेय मला,” स्तेफ्का म्हणाली, आणि बसली.